सत्त्याहत्तराव्या मिनिटाला

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. सुट्टीच्या रात्री इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबची मॅच चुकवत नाही. तिकडे सीझन तिकीट (अख्ख्या हंगामाचं तिकीट) महागलं की लोक बोंब मारतात, पण तिकीट सोडत नाहीत. मग ओरडून उपयोग काय?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : उपयोग होतो, दादा. २०१६च्या फेब्रुवारीतलं बघा. क्लबनं नव्या स्टँडमधलं एका मॅचचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं होतं. संडरलँडविरुद्ध आपण २-० नं पुढे, आणि बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो माणसं खुर्च्या सोडून जिन्याकडे निघाली. जिंकत असलेली मॅच सोडून! शेवटी ती २-२ सुटली. आठवडा उलटायच्या आत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

सीझन तिकीट का सोडत नाहीत म्हणता? लीगच्या, घरच्या मैदानावरच्या १९ मॅचेसची ती हक्काची जागा. एकदा सोडली की परत मिळायला वर्षानुवर्षं रांग. शेजारी तीच माणसं, कुठे बापानंतर लेक. आपल्याकडे दिंडीतली जागा अशीच घरात चालत येते; पंढरपूरच्या वाटेवर मी ती पाहिली आहे. खर्च वाढला म्हणून वारी कोण मोडतो? त्या निष्ठेवर भाव वाढवणं मला अन्यायच वाटतो.