कोल्हापुरात राहायला येताना तिथल्या घरांत कशावर बोलतात हे कसे कळेल?

बदली होऊन आपण कोल्हापूरला येत आहात आणि इथल्या घरांत रोजचे बोलणे कशावर चालते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत लवकर मिसळायचे तर काय माहीत असावे, असे आपण विचारले आहे. तांबडा-पांढरा, अंबाबाई आणि चप्पल यांची माहिती आपल्याला कोणीही देईल, म्हणून ती सोडतो आणि त्याऐवजी आमच्या घरातला एक आठवडा सांगतो. हा आठवडा १ ऑगस्ट ते ८ ऑगस्ट २०२४, म्हणजे गुरुवार ते गुरुवार असा आहे.

त्याआधी एक खुलासा करायला हवा. पावसाळ्यात इथे कोणी "किती आहे?" असे विचारले, तर तो पंचगंगेच्या पातळीबद्दल विचारतो आहे असे समजावे. ही पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितात आणि जुलै लागला की दुधाच्या आकड्याखाली पाण्याचे फूट आणि इंच लिहू लागतात. आईला हा प्रकार पसंत नाही, कारण महिनाअखेरीला गवळ्याचा हिशेब करताना लिटर कुठले आणि फूट कुठले याचा गोंधळ होतो. त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने धोका पातळी ओलांडली होती आणि सुतारवाड्यातल्या कुटुंबांचे स्थलांतर झाले होते, त्यामुळे त्या पानावर आबांचे अक्षर जरा मोठेच उमटले आहे.

गुरुवारी, १ तारखेला, दुपारी एकला पॅरिस ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची, म्हणजे गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीची, अंतिम फेरी होती. स्वप्निल कुसाळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राधानगरीचे नाव आमच्याकडे एरवी धरणामुळे निघते: धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यांतले किती उघडले, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक याप्रमाणे किती पाणी भोगावतीत आले आणि ते कोल्हापूरला कधी पोहोचणार, हे गणित इथली शाळकरी मुलेही तोंडी करतात. त्या दिवशी मात्र राधानगरीकडून दुसरीच बातमी यायची होती. मी कार्यालयात जेवणाच्या डब्याला मोबाइल टेकवून पाहत होतो आणि घरी आबा व माझी नववीतली मुलगी दूरचित्रवाणीसमोर बसली होती. स्वप्निल सुरुवातीला पाचव्या-सहाव्या क्रमांकांत घोटाळत होता. उभ्याने नेम धरायची पाळी आली तसा तो एकेक पायरी वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. मुलीचा फोन आला तेव्हा मागून आबा ओरडून सांगत होते, "खाशाबांनंतर हाच!" ते खरेच होते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे असले तरी ते राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते, त्यामुळे कोल्हापूर त्यांना आपलेच मानते. याबाबत इथे कोणाशी वाद घालू नये.

रविवारी, ४ तारखेला, अमावास्या आली. श्रावणाच्या आधीची अमावास्या आणि तीही रविवारी, हा योग मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांना किती मानवतो हे मी वेगळे सांगायला नको. सकाळी साडेसहाला रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे बापट कॅम्पातला माझा वर्गमित्र होता, ज्याच्या घरी गणेशमूर्तींचे काम चालते. जुलैत पाणी वाढू लागले तेव्हा त्याने अर्धवट रंगवलेल्या मूर्ती उंचावरच्या एका सभागृहात हलवल्या होत्या, चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि आता पाणी उतरू लागल्याने मूर्ती परत आणाव्यात की नाहीत अशा पेचात तो होता. सभागृहात उजेड पुरेसा नव्हता आणि डोळ्यांची आखणी उजेडाशिवाय होत नाही. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आबांनी मान वर न करता एवढेच म्हटले, "आश्लेषा नक्षत्र संपू दे. २०१९ ला हेच दिवस होते." त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. मित्राने मूर्ती हलवल्या नाहीत. तिथेच जादा दिवे लावून काम सुरू केले.

सोमवारी ढाक्यात सत्तांतर झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वृत्तपत्रांचे पहिले पान त्याने व्यापले. आमच्या घरात ते पान सर्वांत शेवटी वाचले गेले. हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही, पण खरे सांगायचे तर पहिला श्रावणी सोमवार, साबुदाणा भिजवायचा राहिला म्हणून झालेली धांदल आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा यांनीच तो दिवस संपला.

बुधवारी विनेश फोगाट अपात्र ठरली. पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम वजन जास्त भरले. ही बातमी देशभर हळहळीची होती; इथे ती हळहळ तर होतीच, पण तिच्याबरोबर तालमीतले ज्ञानही बाहेर पडले. आमच्या गल्लीत एक निवृत्त पैलवान काका आहेत, त्यांनी कट्ट्यावर बसून रात्रीतून वजन कसे उतरवतात, घाम निघेनासा झाला की काय होते आणि दुसऱ्या दिवशी अंगात काय उरते, हे तासभर समजावून सांगितले. मी ऐकलेले त्या प्रकरणावरचे सर्वांत समंजस विवेचन तेच होते. ना कट, ना कारस्थान. फक्त शरीराचा हिशेब.

पुढच्या गुरुवारी, ८ तारखेला, पत्नीचा भावासाठीचा, नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा उपवास होता. नागपंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत आणि काही चिरत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी दिंडांसाठी पुरण शिजत होते. पुरण शिजता शिजता हॉकी संघाने स्पेनला २-१ ने हरवून कांस्यपदक घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास नीरज चोप्राची भालाफेक होती आणि मुलीला जागू द्यायचे की नाही यावर चर्चा चालू असताना, रात्री दहाच्या आसपास, फोन येऊ लागले. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती.

आमच्या गच्चीवरून आकाशात तांबूस उजेड दिसत होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून पूर्ण केलेले हे नाट्यगृह, शेजारी त्यांचेच खासबाग कुस्ती मैदान. एका भिंतीच्या अलीकडे नाटक आणि पलीकडे कुस्ती, अशी ही जागा. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, म्हणजे दुसऱ्याच दिवशी त्यांची जयंती होती. आईने पहिले नाटक तिथे पाहिले, मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन तिथे झाले आणि मी स्वतः विंगेत उभा राहून एका एकांकिकेतले माझे एकमेव वाक्य विसरलो तेही तिथेच. नीरजने रौप्यपदक जिंकले ते आम्ही पाहिले, पण टाळी कोणी वाजवली नाही.

सकाळी आबांना घेऊन गेलो. दर्शनी दगडी भिंत उभी होती, आतले छत आणि रंगमंच राहिले नव्हते. लोक मयताच्या घरी उभे राहावेत तसे, हात मागे बांधून, उभे होते. पाऊस भुरभुरत होता. घरी आल्यावर आईने दिंडे उकडायला ठेवली. पुढे तिथल्या पुनर्बांधणीचे काम सुरू झाले आणि त्याची प्रगती हा आता आमच्याकडचा नेहमीचा विषय आहे. आपण आलात की आपल्यालाही त्यावर मत द्यावेच लागेल.

राहिला घराचा प्रश्न. भाड्याचे घर पाहायला जाल तेव्हा पाण्याची सोय विचारालच, पण २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आले होते हेही विचारा. घरमालक सन सांगणार नाही, जिन्याची पायरी दाखवेल. त्या पायरीच्या वरचे घर घ्या.