काश्मीरची सरोवरं, सॅक आणि एकटा नाशिककर

कळसूबाई रात्री चढलास, साल्हेर-मुल्हेर एकट्यानं केलंस, तर ऑगस्टमध्ये तंबू पाठीवर टाकून काश्मीर ग्रेट लेक्स हा सोनमर्ग ते नारानाग असा सरोवरांकाठचा अनेक दिवसांचा ट्रेकही एकट्यानं करू का, असं विचारलं आहेस. पाय तयार दिसतात. अडचण पायांची नाहीच.

कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. सोनमर्गला गाडीतून उतरतोस तेव्हाच २७०० ओलांडलेले असतात. पुढे निचनाई खिंड सुमारे ४१००, गडसर खिंड ४२०० च्या आसपास. विरळ हवेचा सराव सह्याद्रीत होत नाही, कितीही गड केले तरी.

आपल्याकडे पोटात ढवळलं तर दोन तासांत खाली वाडी गाठतो. तिथे निचनाई ओलांडलीस की विशनसर, किशनसर, गडसर या सगळ्या सरोवरांचं पाणी किशनगंगेकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला वाहतं. सोनमर्ग किंवा नारानागला परतायचं तर आधी खिंड चढायची, तीही आजारी अंगानं. उतरणं हाच उंचीच्या आजारावरचा खरा इलाज, आणि तोच तिथे सहज मिळत नाही. त्यातून मेंदूला सूज आली तर माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालतो, पण त्याला स्वतःला कळत नाही. ते ओळखायला दुसरा माणूस लागतो. पहिल्याच हिमालयवारीला एकट्यानं जाऊ नकोस म्हणतो ते एवढ्यासाठी. अस्वलबिस्वलांची भीती नंतर.

सोबत म्हणजे तीस जणांचा तांडाच हवा असं नाही. स्थानिक वाटाड्या घे आणि सामान हवं तर स्वतः उचल. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. विशनसरला एक दिवस जास्तीचा ठेव. रिकाम्या पाठीनं किशनसरपर्यंत जाऊन ये, परत येऊन तिथेच झोप. डोकं दुखत असेल तर गडसर खिंडीला हात लावू नकोस. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांनाच विचार, मित्रांना नाही.

बर्फ वितळून येणारे ओढे दुपारी फुगतात, ते सकाळीच ओलांड. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, श्रीनगरला घे. इथलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तेही सोनमर्ग सोडल्यावर जवळपास निरुपयोगी. सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशयंत्र परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशी व्हिडिओ बघून मागवू नकोस. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, मूळ प्रत वरच्या कप्प्यात ठेव.

तयारीसाठी आठवड्यात दोन-तीनदा बारा किलोची सॅक घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढ-उतर कर. उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघ. आणि ऑगस्टमध्ये निघण्याआधी, भर पावसात, साल्हेरला तोच तंबू लावून एक रात्र काढ. वाऱ्यात शिवण टिकते का, आतून किती गळतं, हे सटाण्याच्या बाजूला कळलेलं बरं.