आधी दाब मोजा, मग हप्ता

प्रश्न: आम्ही चिपळूणला राहतो. आमची 2011 ची छोटी पेट्रोल गाडी 92 हजार किलोमीटर चालली आहे. 2021 च्या पुरात सीटपर्यंत पाणी आलं होतं. तेव्हा विम्यातून काम झालं आणि नंतर गाडी नीट चालली. गेला महिनाभर मात्र सकाळी सुरू होत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. चावी तीन-चारदा चालू-बंद केली तर कधी पकडते, आणि एकदा पकडली की दिवसभर तक्रार नाही. गॅरेजवाल्यांनी 32,000 चं एस्टिमेट दिलंय: पंप 7,500, चार इंजेक्टर 14,000, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) 6,500, मजुरी 4,000. मिस्टर म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा आहे तशी 35,000 ला देऊन टाकू आणि साडेसहा लाखांची नवी घेऊ. 2 लाखांच्या एफडीतले दीड लाख काढायचे, 5 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचं आणि 6,000 ची एसआयपी थांबवायची. मुलगा बारावीला आहे. गाडी वर्षाला जेमतेम 4,000 किलोमीटर फिरते. काय करावं?

उत्तर: ताई, एस्टिमेटचा तपशील लिहिलात ते फार बरं झालं. त्यात चार ओळी आहेत आणि त्यातली एकही तपासणीची नाही. सगळ्या बदलण्याच्याच आहेत.

मी काही मेकॅनिक नाही. पण काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा पंप एका गॅरेजने बदलला, मी मुकाट्याने पैसे दिले, आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. दोष निघाला काहीशे रुपयांच्या रिलेत, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये. तेव्हापासून गाडीच्या खर्चाचा प्रश्न आला की मी आधी विचारतो, ‘मोजलं काय?’

तुमचंच वर्णन नीट वाचा. टाकीतला विजेवरचा पंप पेट्रोल दाबाने इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांपर्यंत, पोचवतो. चावी ऑन केली की सेल्फ मारायच्या आधीच तो दोनेक सेकंद चालतो, मागच्या सीटखालून बारीक घूं असा आवाज येतो. गाडी बंद केल्यावरही लाइनमध्ये बराच वेळ दाब टिकायला हवा, म्हणजे सकाळी लगेच पकडते. तुमच्या गाडीत तो रात्रीत उतरत असावा. चावी चालू-बंद करून तुम्ही पंपाला दोन-दोन सेकंदांचे हप्ते देता, तेवढ्यात दाब चढतो आणि गाडी सुरू होते. दिवसभर मुकाट चालणाऱ्या गाडीचा ईसीएम बिघडलाय यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल. चारही इंजेक्टर एकाच महिन्यात गेले, यावर तर त्याहून जास्त.

याची शहानिशा फ्युएल प्रेशर गेजने होते. काही गाड्यांच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) गेज लावायला तोंड असतं, नसेल तर लाइनमध्ये टी जोडून लावतात. हे घरी करू नका. लाइन सोडताना पेट्रोलची चिळकांडी उडते, आधी दाब काढावा लागतो. बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत दाब अडीच ते चार बारच्या दरम्यान, पुष्कळदा तीनच्या आसपास असतो. गॅरेजमध्ये पीएसआयमध्ये बोलतात, तीन बार म्हणजे 43-44. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

चावी ऑन केल्यावर दाब चढतो का, आणि बंद केल्यावर टिकतो का, हे दोन्ही बघायला सांगा. चढतो पण भराभर उतरतो, असं झालं तर पंपाकडची बाजू बंद करून पुन्हा बघतात. मग टिकला तर दोष पंपातल्या वन-वे व्हॉल्व्हचा किंवा टाकीतच दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर असेल तर त्याचा. तरीही उतरला तर एखादा इंजेक्टर ठिबकतोय. मग सकाळी पेट्रोलचा वास येतो, एखादा प्लग ओला निघतो. तो एकच बदलायचा, चार नव्हे. दाब नीट चढत असेल आणि टिकतही असेल, तर पंपाला हातच लावू नका. मग दुखणं प्लग, कॉइल, सेन्सर अशा दुसऱ्याच ठिकाणी आहे.

दाब मुळातच कमी चढला तर मात्र पंपाला दोष देण्याआधी पूर आठवा. पुष्कळ गाड्यांत पंपाचं कनेक्टर मागच्या सीटखाली असतं, आणि तुमच्याकडे पाणी नेमकं तिथवर आलं होतं. पिना हिरव्या पडल्या असतील तर पंपाला पुरेसा करंट मिळत नाही. पंप चालू असताना कनेक्टरपाशी मल्टिमीटर लावून बघायला सांगा, जवळपास बॅटरीइतका व्होल्टेज दिसायला हवा. एक-दीड व्होल्ट कमी असेल तर नवा पंपही तसाच रडेल.

या सगळ्या तपासणीचे हजार-दीड हजार घ्या म्हणावं, आनंदाने द्या. आणि गाडी विकायचीच असली तरी द्या. बंद गाडीचा भाव घेणारा ठरवतो. त्याला 35,000 ला हवी आहे, कारण दोष किरकोळ निघेल असा त्याचाही अंदाज असणार. चालू स्थितीत किती मिळतील ते दोन ठिकाणी विचारून ठेवा.

आता नव्या गाडीचं बघू. 5 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे 10,500 बसतो आणि पाच वर्षांत व्याजच 1 लाख 30 हजार होतं. तेवढ्या काळात तुमची गाडी 20 हजार किलोमीटर फिरणार. म्हणजे पेट्रोल न घालता नुसतं व्याज किलोमीटरला साडेसहा रुपये! वर एफडीत उरणार 50 हजार, आणि तेही मुलाच्या प्रवेशाच्या वर्षात. मिस्टरांना सांगा, माझा विरोध गाडीला नाही, या वर्षाला आहे.

जुनी ठेवायची तर पासिंगचा खर्चही धरा. 2011 ची म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत आलीच. पाच वर्षांच्या नूतनीकरणाची फी कारसाठी 2022 पासून 5,000 रुपये आहे, वर पर्यावरण कर, फिटनेससाठी टायर-दिव्यांची डागडुजी. मुदत संपण्याआधी 60 दिवसांत अर्ज करता येतो. यासाठी 12,000 धरले, आत्ताच्या दुरुस्तीला 12,000, आणि पुढची दोन वर्षं किरकोळ कामांना दरवर्षी 15,000, तर 54,000 झाले. महिन्याला 2,250. हप्त्याच्या पाव भागाहूनही कमी. उरलेल्यातून एसआयपी चालू राहील, आणि महिना दोन हजार नव्या गाडीच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका.

पण एक अट आहे. दुरुस्तीची माझी मर्यादा 12,000 आहे, आणि गाडी लिफ्टवर चढवली की खालचा पत्राही बघायला सांगा. कोकणातली हवा, त्यात पुरात भिजलेली गाडी. फ्लोअर किंवा सस्पेन्शनच्या जागा गंजून पोखरल्या असतील, तर पंप दोन हजारांत झाला तरी पासिंगच्या भानगडीत न पडता विका. मग सुद्धा साडेसहा लाखांच्या गाडीऐवजी अडीच-तीन लाखांची, पाच-सहा वर्षं वापरलेली बघा, आणि ती घेण्याआधी सकाळी थंड असताना स्वतः सेल्फ मारून बघा.

दुसऱ्या गॅरेजमध्ये जाताना आधीचं एस्टिमेट दाखवू नका, नुसती लक्षणं सांगा. गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून या, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ त्यांच्यासमोर लागेल. गेजवरचे दोन्ही आकडे आणि कनेक्टरचा व्होल्टेज पावतीच्या मागे लिहून घ्या. तोवर एफडीला हात लावू नका.