दुष्काळामुळे मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या मजुरांना झोपडपट्टीत सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?

माझ्या मते, कागदाचा. पाणीटंचाई, पत्र्याखालचा उकाडा, डास हे सगळं आहेच. पण कुठेही दाद मागायला गेलं की आधी पुरावा मागतात आणि नेमका तोच नसतो.

झोपडी पुनर्वसनाचंच बघा. मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 आणि पैसे भरून मिळणाऱ्या घरासाठी 1 जानेवारी 2011 पूर्वीची झोपडी लागते. 2012-13 चा दुष्काळ, मग लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते 2016 साल, हे सगळं त्यानंतरचं. त्या वर्षांत गाव सोडून नवी झोपडी बांधणारे आपोआप अपात्र.

नाक्यावर उभं राहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज एका मुकादमाकडे, उद्या दुसऱ्याकडे. सही कोण देणार? नोंदणी नाही म्हणून मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघातात मदत नाही.

गावच्या कार्डावर आता मुंबईतही रेशन मिळतं, हा खरा दिलासा. पण सिमेंटने बोटं झिजलेली असतात, मशीन अंगठा घेत नाही, आणि त्या खेपेत दिवसाची मजुरी बुडते.

पाण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही. तरीही अनेक वस्त्यांत बायका आजही ड्रमच्या हिशेबाने पाणी विकत घेतात. याची मला फार चीड येते.