मुंबईतल्या काचेच्या टॉवरना सस्टेनेबल म्हणता येईल का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत जिकडेतिकडे काचेचे टॉवर उभे राहतायत, प्रत्येकाच्या ब्रोशरवर ग्रीन लिहिलेलं असतं, तर आपल्या हवेत खरंच सस्टेनेबल, म्हणजे पर्यावरणावर कमी भार टाकणारा, आणि दिसायलाही देखणा टॉवर बांधता येतो का. येतो की! 1983 पासून उभा आहे, कंबाला हिलवरचं कांचनजंगा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेलं.

84 मीटर उंच, 32 फ्लॅट, प्लॅन म्हणाल तर 21 बाय 21 मीटरचा साधा चौरस. मुंबईत अडचण अशी आहे की समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, व्ह्यूही तिकडेच, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाची झड पण त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांमध्ये यासाठी घराभोवती व्हरांडा असायचा, म्हणजे ऊन-पाऊस बाहेरच अडायचा आणि वारा तेवढा आत यायचा. कोरियांनी तोच व्हरांडा वर नेला, कोपऱ्यांमध्ये दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या कापून काढल्या. खालून बघताना नजर जिथे थांबते ती त्या कोपऱ्यांतल्या गडद सावलीवर, वेगळं नटवणं काही नाहीच. आता ते श्रीमंतांचे फ्लॅट आहेत हे मान्य, पण सावलीला इटालियन मार्बल लागत नाही ना.

पश्चिमेच्या उन्हाचं जरा नीट सांगतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. दक्षिणेचं ऊन बरंच वरून येतं, ते दोन-अडीच फुटांच्या छज्जाने अडतं. पश्चिमेचं चारनंतर तिरपं होऊन थेट खिडकीत घुसतं, त्याला छज्जा पुरत नाही, खोल बाल्कनी पाहिजे नाहीतर बाहेरून उभ्या फिन्स, म्हणजे खिडकीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, किंवा जाळी. आणि बाहेरूनच पाहिजे, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की मग ब्लाइंड पाडून डोळ्यांना बरं वाटतं पण गरमी आत आलेलीच असते. माझं ऑफिस लोअर परळला अशाच एका टॉवरमध्ये आहे, जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि दुपारी सगळे ब्लाइंड खाली, सगळे लाइट चालू, एसी फुल्ल! एवढी काच लावून दिवसाचा उजेड पण मिळत नाही, व्ह्यू पण नाही, मग ती कशासाठी लावली?

नव्या टॉवरमधून बाल्कन्या गेल्या त्याला एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या मर्यादेचं, गणित पण कारण आहे. आधी फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची झाडं लावायची जागा) वगैरे एफएसआयमध्ये मोजत नव्हते, मग बिल्डर ते दाखवायचे आणि नंतर खोलीत घ्यायचे, तो गैरप्रकार थांबवायला 2012 मध्ये नियम बदलून बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळंच मोजायला लागले आणि बदल्यात 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येईल असा जादा एफएसआय दिला. हेतू चांगला होता, पण बाल्कनीचा प्रत्येक फूट मोजला जाणार म्हटल्यावर ती खोलीलाच जोडलेली परवडते, त्यामुळे सावली देणारी जागाच आधी कापली जाते. माझं ठाम मत आहे की पश्चिमेच्या खोल, उघड्या बाल्कनीला नियमात सूट पाहिजे, फक्त ती बंद केली तर जबर दंड.

बाहेरच्या देशांतही जे चांगले टॉवर आहेत त्यांचा डौल असाच कामातून आलाय. शांघाय टॉवर 632 मीटर, वर जाताना पिळत आणि निमुळता होत जातो, त्यामुळे वाऱ्याचा दाब जवळपास 24 टक्के कमी झाला आणि बरंच स्टील वाचलं. अबू धाबीच्या अल बहर टॉवर्सना काचेच्या बाहेर जाळीच्या छत्र्या आहेत, ऊन फिरेल तशा त्या उघडमीट करतात. पण हे जसंच्या तसं इथे आणू नका, आपल्याकडे दमट खारी हवा आहे, एवढे हलणारे पार्ट गंजणार आणि मेंटेनन्स शेवटी सोसायटीच्या डोक्यावर, आपल्याला न हलणारी सावलीच बरी.

आणि हो, सिमेंट-स्टील बनवतानाच प्रचंड कार्बन हवेत जातो, तेव्हा धडधाकट बिल्डिंग पाडून तिथे ग्रीन रेटिंगवाला टॉवर उभा केला तर तो हिशोब कोण मांडणार?

तुम्ही फ्लॅट बघत असाल तर सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका, पश्चिमेच्या खऱ्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला जा, एसी बंद करायला सांगा, पडदे सरकवा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंख्याखाली दहा मिनिटं बसा. खिडकी अर्धीसुद्धा उघडत नसेल किंवा समोर दुसरी खिडकीच नसेल तर ब्रोशरवर काही का लिहिलेलं असेना, तो फ्लॅट घेऊ नका.