बालसभेचा फोटो निघाला, मागणी कुठे गेली?

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याआधी बालसभा (गावातल्या मुलांची सभा) घ्या, असं दरवर्षी वरून पत्र येतं. आम्ही शाळेत तासभर सभा घेतो. मुलं मैदान आणि घसरगुंडी मागतात. दर वर्षी तेच. यात काही बदल करता येईल का? – ग्रामसेवक, परभणी जिल्हा

उत्तर : वर्गात बसवून ‘तुम्हाला काय हवं?’ विचारलं, की घसरगुंडीच मिळणार. कुठून जाताना भीती वाटते, पाण्यासाठी कुठे थांबावं लागतं, शाळेतली कुठली जागा टाळता, असं विचारून बघा. त्याआधी गावफेरी काढा. आठ-दहा मुलांचे गट करा, १० ते १३ वयाची वेगळी आणि १४ ते १७ ची वेगळी. प्रत्येक गटासोबत एकच मोठं माणूस ठेवा. त्याने फक्त लिहायचं, सुचवायचं नाही. फेरीला पाऊण तास पुरतो. नंतर मुलामुलींना अर्धा तास वेगळं बसवा. स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, हे मुलगी मुलांसमोर बोलणार नाही. सरपंच आणि मुख्याध्यापकांनी शेवटच्या अर्ध्या तासातच यावं.

निवड हात वर करून घेऊ नका, सगळे वर्गातल्या दादा मुलाकडे बघून हात वर करतात. मागण्यांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. मुलींना तीन-तीन चिंचोके आणि मुलांना मक्याचे तीन-तीन दाणे द्या, आणि दोन्हींची मोजणी वेगळी करा. एकत्र मोजलं तर मुली कमी असलेल्या गावात स्वच्छतागृह क्रिकेटच्या मैदानाखाली दबतं. पहिल्या तीन ते पाच मागण्याच पुढे न्या. पंचवीस मागण्यांची यादी कुणी वाचत नाही.

शाळेत न येणारी मुलं या सभेत नसतात, हेही लक्षात असू द्या. वीटभट्टी, पालं, मेंढपाळांची वस्ती असेल तर तिथे जाऊन वेगळा गट घ्यावा लागतो.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी ग्रामसभेत छान मांडणी केली, टाळ्याही मिळाल्या. आराखड्यात मात्र एकही मागणी दिसली नाही. चूक कुठे झाली? – शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बहुतेक वेळा ती विषयपत्रिकेत झालेली असते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. बालसभा त्यानंतर झाली, तर मुलांचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ यात ढकलला जातो, आणि तोवर निम्मी माणसं घरी गेलेली असतात. गणपूर्तीअभावी (किमान हजेरी नसल्याने) सभा तहकूब झाली, तर नव्या तारखेला नवा विषय घेता येत नाही. म्हणून बालसभा निदान पंधरा दिवस आधी घ्या आणि ‘बालसभेच्या मागण्यांना मंजुरी’ असा स्वतंत्र विषय क्रमांक लेखी मागा. शक्यतो पहिल्या पाचात.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. मुलं गणपूर्तीत (एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी) धरली जात नाहीत आणि ठरावाला सूचक-अनुमोदकही होऊ शकत नाहीत. तेव्हा सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. त्यांपैकी एक जण ‘महिला सभे’तली असेल तर उत्तम, कारण महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते आणि मागण्या तिथेही मांडून ठेवता येतात.

तिसरी गोष्ट ठरावाच्या भाषेची. ‘मुलांच्या मागण्यांवर सविस्तर चर्चा झाली’ या वाक्याला एक रुपयाही जोडता येत नाही. ‘जि. प. शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी व नळजोडणी. अंदाजे खर्च अमुक. निधी बंधित’ असं लिहिलं की ते काम ठरतं. बंधित म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायतीला मिळणारा साठ टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठी बंधित होता आणि चाळीस टक्के अबंधित. वाचनालयाची कपाटं किंवा मैदानाचं सपाटीकरण बंधितमध्ये लिहिलंत, तर छाननीतच उडतं. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये घाईघाईने साहित्य खरेदीत संपतात. सप्टेंबरमध्येच मागितले तर मुलांच्या कामाला मिळू शकतात.

काही मागण्या ग्रामपंचायतीच्या हातातल्याच नसतात, उदाहरणार्थ एसटीची वेळ, लोंबकळती वीजतार, राज्यमार्गावरचा गतिरोधक. त्यांच्यासाठी ठराव संबंधित खात्याला पाठवा आणि जावक क्रमांक (पत्र पाठवल्याची नोंद) मुलांना द्या.

मंजूर काम ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढलं का, हे आठवी-नववीची मुलंसुद्धा गावाचं नाव टाकून पाहू शकतात. त्यांना ते दाखवाच. आणि महिन्याभरात प्रत्येक मागणीचं उत्तर शाळेच्या फलकावर लागलं पाहिजे : झालं, होणार (कधी), होणार नाही (का). नकार कारणासह मिळाला तर मुलं पुढच्या वर्षी येतात. काहीच उत्तर आलं नाही, की मात्र येत नाहीत.

प्रश्न : आमच्या गावातली निम्मी कुटुंबं ऊसतोडीला जातात. बालसभेला मुलंच नसतात. – सरपंच, बीड जिल्हा

उत्तर : आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास हलतात. तुमची बालसभा मोहिमेची वाट पाहू शकत नाही. ती १५ ऑगस्ट ते घटस्थापना या दरम्यान उरका. त्यात एक प्रश्न मुद्दाम घ्या : मागे कोण राहणार, कुणाकडे, आणि हंगामी वसतिगृहात काय कमी पडतं? जी मुलं फडावर जाणार त्यांच्या मागण्या वेगळ्या लिहून ठेवा. नाहीतर जानेवारीत गावात असलेल्यांचंच पारडं जड होतं. मागण्यांवरच्या उत्तरांची यादी १ मेच्या ग्रामसभेआधी पुन्हा वाचा. तोवर बहुतेक परतलेले असतात.

प्रश्न : बालसभेत एका मुलाने दारूच्या अड्ड्याचं नाव घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणसं आली. आता पालक मुलांना पाठवत नाहीत. – मुख्याध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : इतिवृत्तात मुलांची नावं लिहायचीच नाहीत. हजेरीपट वेगळा ठेवा आणि मागणी ‘बालसभा’ या नावानेच जाऊ द्या. अड्डा किंवा माणसाचं नाव आलं तर नोंद ‘शाळेच्या वाटेवर अवैध दारूविक्री’ एवढीच करा आणि तक्रार ग्रामपंचायतीच्या नावाने पोलिसांकडे द्या. सुरुवातीलाच मुलांना सांगा : जागा सांगा, माणूस सांगू नका.

एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल काही सूचित केलं, तर सभेत पुढे एक शब्दही विचारू नका. बाजूला, एकाच विश्वासू व्यक्तीने ऐकावं आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवावं. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा. ते गावात मिटवून टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही, सरपंचालाही नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. ग्रामसभेत ‘तू कोण?’ म्हणून बसवलं. – विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मत नाही, पण अध्यक्षांच्या परवानगीने बोलता येतं, परवानगी आदल्या दिवशी लेखी माग आणि पोच घे. ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. तुमच्या गावात ते कोण आहेत, हे अंगणवाडी सेविकेला विचार. सतरा पूर्ण असतील तर मतदार नोंदणीचा नमुना ६ आताच भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला तू अठराची असशील, त्यानुसार नाव लागेल. निवडणुकीला उभं राहायला मात्र एकवीस पूर्ण लागतात.