माशाच्या तेलाने लेंड्या पातळ झाल्या, पण गुण नेमका कशाचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एम. फार्मच्या प्रबंधासाठी कॉड लिव्हर ऑइलचं (कॉड माशाच्या यकृताचं तेल) इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण, रेचक आहे का ते तपासायचंय: लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध देऊन बद्धकोष्ठ केलेले विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर, तुलनेला एरंडेल, इमल्शनचे उंदराच्या वजनाच्या किलोमागे ५ आणि १० मिली असे दोन डोस. सुरक्षिततेसाठी २००० मिलिग्रॅमचा एकच डोस आणि पुढे १४ दिवस निरीक्षण. 'एवढं पुरेल का?' असं विचारलंय. नाही पुरणार. दुरुस्ती आत्ताच करा, कारण चूक नंतर कळली तर तेवढे प्राणी फुकट गेलेले असतात, आणि ते माझ्या मनाला फार लागतं.

पहिली अडचण कंट्रोलची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या गटाची. तुमच्या कंट्रोल गटाला नुसतं पाणी आहे. कुठलंही तेल एकदम जास्त पाजलं की आतड्याला ते सगळं शोषता येत नाही, उरलेलं लेंड्यांबरोबर बाहेर येतं. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचे आकडे असेच झकास आले होते. पिंजऱ्याच्या जाळीखालचा टिपकागद मी ट्यूबलाइटसमोर धरला, तर भजी ठेवलेल्या कागदावर उमटतो तसा पारदर्शक डाग प्रत्येक लेंडीभोवती. मग तेवढंच शेंगदाणा तेल पाजून पाहिलं. लेंड्या जवळजवळ तितक्याच पातळ! बिचारीला सगळी मांडणी नव्याने करावी लागली.

म्हणून दोन कंट्रोल गट हवेतच. एकाला माशाचं तेल वगळून इमल्शनमधलं बाकी सगळं द्या. गोडीसाठी सॉर्बिटॉल घातलं असेल तर तेही त्यात आलं पाहिजे, कारण सॉर्बिटॉल स्वतःच रेचक आहे. दुसऱ्याला त्याच इमल्शनमध्ये माशाच्या तेलाऐवजी तेवढंच साधं खाद्यतेल. या दोघांपेक्षा तुमचं इमल्शन सरस ठरलं, तरच 'माशाच्या तेलाचा रेचक गुण' असे शब्द लिहा.

लेंड्यांच्या वजनातही एक खोच आहे. ओलं वजन घ्यायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं आणि फरक म्हणजे पाणी, अशी नेहमीची रीत. पण तेल ओव्हनमध्ये उडून जात नाही, ते कोरड्या वजनातच राहतं. वाळलेल्या लेंड्यांतलं तेल पेट्रोलियम ईथरने काढून वेगळं मोजा. पाणी वाढलंय की नुसता तेलकटपणा, हे तिथे उघड होईल.

एरंडेलाची गोष्ट वेगळी. आतड्यात त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि ते ईपी३ नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) काम करून आतड्याचे स्नायू आकुंचित करतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. माशाच्या तेलाचा परिणाम नुसता वंगणासारखा असेल, तर लेंड्यांची संख्या एरंडेलाशी ताडून फारसं काही कळत नाही. त्यासाठी कोळशाची चाचणी जोडा: कोळशाचं मिश्रण पाजून ठरावीक वेळाने ते आतड्यात कुठवर पोचलं ते मोजायचं. मात्र स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे कोळसा उलट मागेच राहिलेला दिसू शकतो. साध्या तेलाचा गट इथेही लागणारच.

आता डोस. उंदराचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात. किलोमागे १० मिली म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ९७ मिली. एवढं इमल्शन कोण पिणार? किलोमागे २ मिलीचे माणसाला साधारण १९ मिली होतात, म्हणजे चार चहाचे चमचे. डोस त्या आसपास ठेवा.

यातूनच सुरक्षिततेचा खरा प्रश्न निघतो, आणि तुमच्या आराखड्यात तो मला कुठेच दिसला नाही. युरोपीय फार्माकोपिया या औषधांच्या दर्जाच्या ग्रंथानुसार कॉड लिव्हर ऑइलच्या एका ग्रॅममध्ये ६०० ते २५०० युनिट अ जीवनसत्त्व असतं. समजा माणसाच्या डोसात १५ मिली शुद्ध तेल गेलं, तर ते सुमारे १४ ग्रॅम, तेव्हा हिशेब ८ हजारांपासून ३५ हजार युनिटपर्यंत जातो. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा धरतात १० हजार. गरोदर बाईने बद्धकोष्ठासाठी असं काही रोज घेतलं तर गर्भाला धोका आहे. हे जीवनसत्त्व यकृतात साठत जातं, एका डोसात ते कळणार नाही. ओईसीडी ४०७ या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमावलीप्रमाणे २८ दिवसांची चाचणी करा, प्रत्येक गटात ५ नर आणि ५ माद्या. यकृताची एन्झाइम्स, यकृताचं वजन आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काप बघा. ओमेगा-३ मुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा रक्तस्रावाचा वेळही मोजा. आणखी एक: उंदराला उलटी करताच येत नाही. माणसांत माशाच्या तेलाने मळमळ आणि ढेकर येतात, ते इथे दिसणार नाही. तेवढ्यावरून 'कोणताही त्रास आढळला नाही' असं लिहू नका.

शेवटचं तेलाच्या ताजेपणाचं. खवट तेलानेही पोट बिघडतं, आणि २८ दिवस एकच बाटली उघडत राहिलात तर ती खवट होणारच. गडद रंगाच्या छोट्या बाटल्या भरा, वर नायट्रोजन सोडा, फ्रिजमध्ये ठेवा. पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाचं माप, पहिल्या आणि अखेरच्या दिवशी काढा. चांगल्या तेलात ते ५ च्या आत आणि खवटपणाचंच दुसरं माप असलेलं अ‍ॅनिसिडिन मूल्य २० च्या आत असावं.

या सगळ्यात प्राण्यांची संख्या वाढेल. प्राणी नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज करून मंजुरी हातात येईपर्यंत एकाही उंदराला डोस देऊ नका. गटांची नवी मांडणी झाली की इथे टाका, मी बघेन.